हीटसिंकवरचा धडा

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून साणंद आणि धोलेरा ही नावे विज्ञानवार्तांत वारंवार झळकू लागली. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. या बातम्या निश्चितच आशादायक आहेत. तथापि त्या वाचताना एक साधा प्रश्न मागे राहतो. प्रयोगशाळेतील विद्यार्थी ज्या बोर्डावर प्रोग्राम चढवतो, त्या बोर्डाला लागणारे ५ व्होल्ट येतात कुठून? बहुतेकांच्या दृष्टीने ते यूएसबीच्या वायरीतून येतात, आणि जिज्ञासा तेथेच थांबते.

ही जिज्ञासा पुढे न्यायची असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी मोठ्या विद्युतप्रवाहाचा, व्होल्टता बदलता येणारा लिनिअर पॉवर सप्लाय स्वतःच्या हाताने बांधावा. वरवर पाहता ही सूचना कालबाह्य वाटेल. जुन्या संगणकातील एसएमपीएस स्वस्तात मिळतो, तो हलका असतो आणि फारच कमी ऊर्जा वाया घालवतो. लिनिअर सप्लाय जड असतो, तापतो आणि उधळ्या असतो. मात्र शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे तापणेच मोलाचे आहे.

उदाहरणादाखल १५ व्होल्टपर्यंत १० अँपिअर देणारा सप्लाय घेऊ. एलएम३१७ ही परिचित आयसी १.५ अँपिअरवर थांबते. म्हणून मुख्य भार पॉवर ट्रान्झिस्टरांवर टाकावा लागतो. १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखरमूल्य सुमारे २५.४ व्होल्ट. ब्रिज रेक्टिफायरमध्ये दोनेक व्होल्ट गळतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत संधारित्र सेकंदाला १०० वेळा भरतो. म्हणजे दोन भरण्यांच्या मध्ये जवळपास १० मिलिसेकंद एकट्या संधारित्राला १० अँपिअर पुरवावे लागतात. ४७,००० मायक्रोफॅरड घातले, तरी त्या अवधीत व्होल्टता सुमारे २ व्होल्टने घसरते. त्यातच घरची वीज २३० वरून २०० व्होल्टवर उतरली, तर नियामकापाशी तळाला जेमतेम १८ व्होल्ट उरतात. पुस्तकातील सूत्र आणि संध्याकाळच्या वेळी मंदावणारा पंखा यांची गाठ येथे पडते.

ट्रान्सफॉर्मरही असाच चकवतो. १० अँपिअर हवेत म्हणून १० अँपिअरचाच घेतला, तर तो भाजून निघतो. संधारित्र प्रत्येक शिखरापाशी थोड्याच वेळात प्रवाह ओढून घेतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतील परिणामी प्रवाह दीडपटीहून अधिक होतो आणि क्षमता ३०० व्होल्ट-अँपिअरच्या आसपास ठेवावी लागते.

खरी परीक्षा पुढे आहे. याच सप्लायमधून ५ व्होल्ट, १० अँपिअर घेतले, तर उपयोगी पडतात ५० वॅट. उरलेले सुमारे १७ व्होल्ट ट्रान्झिस्टरांवर पडतात आणि १७० वॅट उष्णता निर्माण होते. १९६० च्या दशकात आरसीए कंपनीने आणलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर ११५ वॅटचा म्हणून विकला जातो, मग दोन पुरेत असे विद्यार्थ्याला वाटते. माहितीपत्रकात मात्र हा आकडा आवरणाचे तापमान २५ अंश असतानाचा आहे. आवरण १०० अंशांवर गेले की हीच मर्यादा सुमारे ६५ वॅटवर येते. म्हणून चार ट्रान्झिस्टर समांतर जोडावे लागतात आणि प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहमचा रोध द्यावा लागतो. तो नसेल, तर जो ट्रान्झिस्टर अधिक तापतो तोच अधिक प्रवाह ओढतो, आणखी तापतो आणि जळतो. मग उरलेल्या तिघांवर तीच पाळी येते.

हीटसिंक ८० अंशांवर रोखायचा, तर ३५ अंशांच्या खोलीत दर वॅटमागे तापमान पाव अंशाने वाढले तरच हिशेब जुळतो. नागपूरच्या वा जयपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना तोही कोलमडतो. मग पंखा बसवावा लागतो, किंवा कमी व्होल्टतेसाठी ट्रान्सफॉर्मरचा खालचा टॅप रिलेने निवडावा लागतो. अशा वेळी उष्मागतिकी परीक्षेपुरती राहत नाही. ती बोटाला चटका देऊन शिकवते.

या छंदात धोकाही आहे, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्राथमिक बाजूला २३० व्होल्ट असतात. तेथे फ्यूज, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर काम सुरूच करू नये. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून विद्यार्थ्याने त्या बाजूला हात लावू नये. वीज बंद केल्यावरही त्या संधारित्रात सुमारे १३ जूल ऊर्जा शिल्लक असते. स्क्रूड्रायव्हर आडवा पडला, तर ठिणगीसह धातू वितळतो. म्हणून ऊर्जा निचरून टाकणारा रोध अनिवार्य आहे. दिल्लीचे लाजपत राय मार्केट असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा चेन्नईची रिची स्ट्रीट, नकली पॉवर ट्रान्झिस्टर कोठेही पदरी पडू शकतात. छापील आकड्यावर विश्वास न ठेवता भार देऊन तपासण्याची सवय लागते, तीही येथेच.

कमी गोंगाटाचा स्वच्छ प्रवाह ही लिनिअर सप्लायची आजही टिकून असलेली ख्याती आहे. संवेदनशील मापनयंत्रे आणि हौशी रेडिओचालकांचे १३.८ व्होल्टचे संच यांना त्याचा लाभ होतो. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून संदेश पोहोचविणारे हौशी रेडिओचालकच होते. अशा प्रसंगी यंत्र दुरुस्त करणारा माणूस जागेवरच असावा लागतो.

शाळा-महाविद्यालयांनी म्हणूनच एक छोटा बदल करावा. प्रयोगशाळेतील निदान एक पॉवर सप्लाय विकत न घेता विद्यार्थ्यांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली बांधून घ्यावा, आणि त्याच्या शेजारी हिशेबाची वही ठेवावी. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्यातील चुका शोधाव्यात.

चिप कितीही सूक्ष्म झाली, तरी ऊर्जा आणि उष्णता यांचा हिशेब तिलाही चुकत नाही. धोलेऱ्याच्या कारखान्यात उद्या काम करू पाहणाऱ्या तरुणाने आज एवढ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: टेबलावरच्या सप्लायमधील ट्रान्झिस्टर या क्षणी किती अंशांवर आहे, आणि ते त्याला कसे कळले?