पाव आण्याची वाट

जुन्या पत्राचा अंक हाती आला की आपण आधी अग्रलेख वाचतो, मग बातम्या. शिरोभागाच्या कोपऱ्यात बारीक टायपात ‘रजिस्टर्ड नं. बी’ आणि पुढे एक आकडा छापलेला असतो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. आज आम्ही त्या आकड्याविषयीच लिहिणार आहोत. तो नसता तर आपल्या माणसांची पत्रे मुंबईतून बाहेर पडून एरंडोलसारख्या गावापर्यंत पोचवणे त्यांच्या चालकांना परवडलेच नसते.

हा आकडा टपालखात्याचा. इंग्रज सरकारने १८९८ साली पोस्ट ऑफिस कायदा केला. त्याच्या नवव्या कलमात वर्तमानपत्र कशाला म्हणायचे ते सांगितले होते. मजकूर मुख्यतः बातम्यांचा किंवा चालू विषयांवरील लेखांचा हवा. दोन अंकांत एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. आणि पत्राजवळ खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. इतके जमले की पत्राची नोंद होई, त्याला क्रमांक मिळे आणि त्याचा अंक सवलतीच्या दराने देशात कोठेही जाई. ‘बी’ हे अक्षर मुंबई इलाख्याचे.

हलक्या वजनाच्या अंकाला पाव आणा पडे. पाव आणा म्हणजे एक पैसा. साधे कार्डसुद्धा तेव्हा एका पैशाला मिळे. १९२२ साली कार्डाचा दर अर्धा आणा झाला, तरी नोंदलेल्या वर्तमानपत्राचा हलका अंक पाव आण्यातच जात राहिला. म्हणजे खुशालीच्या चार ओळींना दोन पैसे आणि समाजाला जागे करणाऱ्या सबंध अंकाला एक पैसा! सरकारने ही सवलत आपल्यासाठी ठेवलेली नव्हती. पण टपालाच्या तिकिटाला जात नसते. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. टपालाच्या खिडकीवर मात्र दोन्ही पत्रांना कायदा एकच होता.

आता एरंडोलकडे या. अंजनीकाठचे हे गाव पूर्वी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेले होते. इंग्रजी गॅझेटियरांतही त्याची नोंद आहे. पुढे हा धंदा मंदावत गेला. गावाला रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन म्हसावद, तेही नऊ मैलांवर. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेने टपालाची पिशवी यायची आणि तेथून पुढे सडकेने गावात. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला, तेव्हापासून विलायतेची डाकही याच खानदेशातून धावू लागली. कलकत्त्याच्या साहेबाची लंडनहून आलेली चिठ्ठी आणि खेड्यातल्या शेतमजुराच्या नावाचे कार्ड यांचा रूळ एकच होता.

विलायतेची डाक बोटीने येई. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि प्रवास पुष्कळ कमी झाला. टपाल मुंबईत उतरल्यावर वर्गवारीत वेळ जाऊ नये म्हणून १८६८ पासून पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत टपालखात्याचे कारकून भर समुद्रात, चालत्या बोटीवर पत्रे निवडत असत. डाकबोटी ठरलेल्या कराराने चालत. पण कायदा इतर बोटींनाही लागू होता. बंदर सोडणाऱ्या कोणत्याही बोटीच्या कप्तानाला टपालखात्याने पिशवी दिली तर ती त्याने घ्यायची, पावती द्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर विनाविलंब हवाली करायची. कसूर झाली तर दंड. मात्र या कामाबद्दल कप्तानाला बक्षिसी देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती.

हे वाचताना आम्हांला आपल्या आजा-पणजांची आठवण झाली. गावचे टपाल त्यांनीही वाहिले. सरकारी कागद, पाटलाचा निरोप, मयताची बातमी, सगळे महाराच्या पायांवर. ऊन म्हणायचे नाही, पाऊस म्हणायचा नाही. बोलावणे आले की हातातली भाकर ठेवून निघायचे. पण त्यांची ओझी वतनाच्या खात्यात जमा! मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुते आणि तुटपुंजी रक्कम. किती कोस चालले, किती कागद नेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. समुद्रावर टपाल नेणाऱ्या कप्तानाला कायद्याने बक्षिसी आणि गावकुसाबाहेरच्या टपालवाहकाला १८७४ चा वतन कायदा. हा वतन कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली.

म्हणूनच पाव आण्याच्या तिकिटाचे मोल आम्ही मोठे मानतो. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे कागद वाहिले, त्याच्या स्वतःच्या नावाने कागद येऊ लागला. वेष्टनावर नाव, गाव, तालुका, जिल्हा पूर्व खानदेश असा पूर्ण पत्ता. गावात ज्याला कोणी पुऱ्या नावाने हाक मारीत नव्हते, त्याचे पुरे नाव छापखान्याच्या यादीत चढले.

बोटीच्या टपालाशी बाबासाहेबांचा स्वतःचा संबंध तर फार जवळचा. १९१७ साली ते विलायतेहून परतले तेव्हा त्यांचे सामान आणि ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मनांनी पाणतीर मारून बुडवली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. मग पत्राची खबर कळायची ती डाकबोटीनेच. पत्र जायला साधारण दोन आठवडे, उत्तर यायला तितकेच. १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडला. पुढे २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले तेव्हाही बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते. बोटीने पाठवलेला पहिला अंक त्यांच्या हाती पडायला डिसेंबर उजाडणारच.

आता त्या यादीविषयी. सरकारने खऱ्या वर्गणीदारांची यादी मागितली होती, ऐकणाऱ्यांची नव्हे. वस्तीत एकाला वाचता यायचे आणि वीस जण कान देऊन बसायचे. त्या विसांची नोंद कोठेच झाली नाही. पण पत्र जगायचे ते पहिल्याच्या वर्गणीवर. वर्गणी संपली की पत्राकडून व्ही. पी. जाई. टपालखात्याची ही सोय १८७७ पासूनची. घेणाऱ्याने पैसे भरून ती सोडवली तर ठीक, नाकारली तर परत येई आणि टपालखर्च पत्राच्याच अंगावर पडे. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकाने बाबासाहेब बहुतांशी स्वतःच लिहून काढीत. तरीही पैशाची ओढाताण सुटली नाही आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये ते थांबले. टपाल स्वस्त होते, विचार तर अमोल होता. कमी पडली ती यादी.

यात दोष कोणाला द्यायचा? ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची भ्रांत, त्याने वर्षाची वर्गणी एकदम कोठून भरावी? अशा स्थितीतही ज्यांनी ती भरली, त्यांची नावे आज आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? पुढाऱ्यांच्या तसबिरी आपण लावल्या. पण घामाच्या पैशातून अंक सोडवणारा आजा विसरलो.

१८९८ चा तो कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पण जुन्या कायद्याच्या खुणा कोणाच्या घरात, जुन्या पेटीच्या तळाशी अजून असतील. म्हणून माता-भगिनींना आमचे सांगणे आहे. दिवाळीपूर्वी साफसफाई करताना जुने अंक रद्दीत घालू नका. वेष्टनाची पट्टी असेल तर तीही जपा, कारण तिच्यावर नाव, गाव आणि टपालाचा शिक्का असतो. फाटलेल्या अंकाला चिकटपट्टी लावू नका, कागद पिवळा पडून तुटतो. कोरड्या जागी, स्वच्छ कागदात सपाट ठेवा. मुलांकडून दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या आणि एक प्रत विहाराच्या वाचनालयात द्या.

आणि घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: आपल्याकडे पत्र कोणाच्या नावाने यायचे? उत्तर मिळाले तर ते नाव, गावासह, वहीत लिहून ठेवा. त्या जुन्या यादीतले एक नाव तरी परत मिळेल.