लग्नाचा विमा : हिशेब कोठून मांडावा?

शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी लग्न निघाले म्हणजे मंगल कार्यालय, आचारी, मांडववाला, छायाचित्रकार अशा एकेकाच्या हाती आगाऊ रक्कम पडू लागते. हा पैसा बुडू नये म्हणून लग्नाचा विमा उतरविण्याची सोय आता आपल्याकडील काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तो उतरवावा काय, हा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या टोकाकडून सोडविला जातो. खर्च आठ लाख, तेव्हा विमाही आठ लाखांचा!

विम्याचे तत्त्व नुकसानभरपाईचे आहे. प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक पैसा मिळत नाही. लग्न लांबले तरी सोने सोनेच राहते, शालूही कपाटात राहतो. आठ लाखांपैकी साडेतीन लाख दागिन्या-कपड्यांत गेले आणि दीड लाख कार्य उरकल्यावर द्यावयाचे असले, तर बुडण्याजोगी रक्कम तीन लाखांचीच. लग्न रद्द होण्याच्या धोक्यापोटी उरलेल्या पाच लाखांवर हप्ता भरणे व्यर्थ होय. (दागिन्यांच्या चोरीचा धोका निराळा, त्याचे कलमही निराळे असते.)

त्यानंतर पाहावयाचे ते हे की, लग्न कशामुळे मोडले वा लांबले तर कंपनी पैसे देणार. आग, पूर, भूकंप, वधूवरांचा किंवा जवळच्या नातलगाचा मृत्यू अथवा गंभीर अपघात, ही कारणे सामान्यतः मान्य असतात. परंतु ‘जवळचा नातलग’ कोण, हे पॉलिसीची व्याख्या ठरविते. आपल्याकडे आजोबा वा चुलते वारले तरी सुतक येते आणि मुहूर्त टळतो. मे-जूनचा मुहूर्त हुकला की चातुर्मास आड येतो आणि गोष्ट बहुधा तुळशीच्या लग्नानंतरवर जाते. त्या व्याख्येत केवळ आईवडील व भावंडे असतील, तर सर्वांत संभाव्य असे संकट विम्याबाहेरच राहिले. आजोबा आधीच अंथरुणाला खिळलेले असतील, तर अशा पूर्वीच्या आजाराबद्दलची अटही वाचावयास हवी.

मानपानावरून बोलणी फिसकटली वा कोणा एकाचे मन बदलले, तर भरपाई नाही. हे न्याय्यच आहे. जी घटना विमेदाराच्या मर्जीवर अवलंबून असते तिचा विमा कोणताही शहाणा धंदेवाला उतरविणार नाही.

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने लग्नास 25 माणसे व दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. मांडव जागेवर, वधूवर धडधाकट, आणि तरीही ठरलेला समारंभ अशक्य! साथ आणि शासकीय आदेश यांविषयी पॉलिसी काय म्हणते, हे त्या अनुभवानंतर तरी कोणी न वाचता सही करू नये.

विम्याच्या बाजूने खरे बळकट कारण एकच दिसते, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. जेवणातून शंभर पाहुण्यांना विषबाधा झाली किंवा मांडव कोसळून कोणी जायबंदी झाले, तर यजमानावर येणाऱ्या दायित्वास वरची मर्यादा नाही. आगाऊ रक्कम बुडाली तर घर दोन वर्षे ओढाताणीने चालेल. असा दावा अंगावर आला तर भविष्यनिर्वाह निधीची शिल्लकही पुरणार नाही. अशा दायित्वाचे कलम असलेली पॉलिसी रास्त हप्त्यात मिळत असेल तर ती घ्यावी.

आगाऊ रकमेसाठी मात्र याहून स्वस्त उपाय आहे. तारीख बदलल्यास रक्कम पुढील तारखेस वळती केली जाईल, अशी ओळ मंगल कार्यालयाच्या पावतीवर व्यवस्थापकाच्या सहीने लिहून घ्यावी. ती पैसे मोजण्यापूर्वी मागावी लागते. नंतर कोणी देत नाही.