नाव एक, वनस्पती दोन

द्रव्यगुणातील वनस्पतींचे वर्गीकरण हा भाग आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. व्यवसायात त्याचे प्रयोजन उरत नाही, असा समज रूढ आहे. हा समज रुग्णास आणि आपल्या शास्त्रासही बाधक आहे, असे आमचे मत आहे.

चरकाचार्यांनी वनस्पती, वानस्पत्य, औषधी व वीरुध असे चार भेद सांगितले. फूल न दिसता फळणारे वड-उंबर ही वनस्पती, फुलून फळणारा आंबा हा वानस्पत्य, फळे पक्व होताच नष्ट होणारी ती औषधी आणि पसरत जाणारी वेल ती वीरुध. चिकित्सेसाठी मात्र त्यांनी कर्मानुसार 50 महाकषाय रचले. सुश्रुताचार्यांनी 37 गण सांगितले. द्रव्य कोठे योजावे, हे या गणांतून कळते. हाती आलेले द्रव्य नेमके कोणते, हे आधुनिक कुलवर्गीकरणातून कळते.

एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. शतपुष्पाकुलातील ओवा, जिरे, धने, बडीशेप ही सारी दीपन आहेत. पण रसायन अश्वगंधा आणि विषारी धोतरा हीदेखील एकाच कंटकारीकुलातील आहेत. उलट दशमुळाची 10 द्रव्ये निरनिराळ्या कुलांतून एकत्र आली आहेत.

आता व्यवहार पाहू. कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर येथे इमारतींच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा जो 'अशोक' दिसतो, तो सीताफळाच्या कुलातील आहे. अशोकारिष्टाचा अशोक नारिंगी-तांबड्या फुलांचा, शिंबीकुलातील. काडेचिराईत हिमालयातील, किराततिक्तकुलाचे. ओले किराईत वासाकुलाचे. दोन्ही कडू, एवढ्यावरून ती एक ठरत नाहीत.

ब्राह्मीचा अनुभव तर आमचाच आहे. व्यवस्थापत्रावर आम्ही 'ब्राह्मी' एवढेच लिहिले. रुग्ण पुढील खेपेस पुडी घेऊन आला, तेव्हा पाने निघाली मूत्रपिंडाकृती, म्हणजे मंडूकपर्णीची. आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. परंतु महाराष्ट्रात मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात आहे. दुकानदाराने फसविले नव्हते. अपुरे लिहिले होते आम्ही. प्रश्न असा की, गुण आला असता तर तो कोणाच्या नावे मांडायचा? न येता तर दोष कोणाचा? द्रव्यच अनिश्चित असेल, तर वीस वर्षांच्या अनुभवालाही आधार राहत नाही.

कुलांची नावेच बदलतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. निर्गुंडीकुलात शिकलेली गंभारी आज तुलसीकुलात गणली जाते. तथापि कुल बदलले तरी गंभारी गंभारीच राहिली; तिची ओळख ढळली नाही.

प्रतिनिधी द्रव्यास शास्त्राची मान्यता आहे, पण ते सांगून द्यावयाचे असते. न सांगता दिलेले ते प्रतिनिधी नव्हे, ती भेसळ होय. म्हणून वैद्यांनी संदिग्ध द्रव्यांपुढे वनस्पतिशास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहावे. औषधी दुकानदारांनी खरेदीच्या बिलावर तीच नोंद मागावी आणि प्रमाणित नमुने बरणीत जपून प्रत्येक नवा माल त्यांच्याशी ताडून पाहावा. यास फार खर्च नाही. आरंभ अशोक, ब्राह्मी व किराईत या तीन नावांपासून जरी झाला, तरी पुष्कळ साधेल.