साहसाला दुसरा डोळा हवा

उंच कड्यावरून किंवा पुलावरून, पाठीला हवाई छत्री बांधून, कोणी स्वतःला झोकून दिले असे ऐकले, की आपल्या तोंडून सहज शब्द निघतो, 'वेडा!' त्यात त्याचा मृत्यू झाला, तर 'दुसरे काय होणार होते?' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निकाल घाईचा वाटतो. या अपघातांकडे जरा जवळून पाहिले, तर तेथे वेडापेक्षा आपल्या रोजच्या ओळखीचे दोषच अनेकदा दिसतात: घाई, विसर, आणि 'मला सगळे ठाऊक आहे' ही भावना.

या प्रकाराला 'बेस जंपिंग' म्हणतात. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन आणि अर्थ, म्हणजे इमारत, मनोरा, पूल आणि कडा, या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ते रूढ करणाऱ्यांत अमेरिकेचे कार्ल बोएनिश हे प्रमुख होते. १९८४ च्या जुलैमध्ये नॉर्वेतील ट्रोलवेगन कड्यावरून उडी घेताना त्यांचाच अंत झाला.

विमानातून उडी घेणाऱ्याजवळ दोन छत्र्या असतात. पहिली फसली तर ती तोडून दुसरी उघडण्याइतका अवधी त्याला मिळतो. शिवाय ती राखीव छत्री परवानाधारक माणसाकडूनच ठराविक मुदतीत घडी करून घ्यावी, असा अमेरिकेत कायदा आहे. बेसवाल्याजवळ बहुधा एकच छत्री असते आणि तिची घडी तो स्वतःच घालतो. अमेरिकेतील न्यू रिव्हर गॉर्ज पुलाची उंची ८७६ फूट आहे. तेथून छत्रीविना पडणारा माणूस नऊ सेकंदांच्या आत खाली पोहोचतो. चूक लक्षात येऊन ती सुधारण्याइतका वेळ त्यात कोठून मिळणार?

आणि चुका तरी कसल्या? उडी मारताना माणूस एक छोटी छत्री हाताने वाऱ्यावर फेकतो. तिच्यात हवा भरते, तिला जोडलेली लांब पट्टी ताणली जाते, पाठीवरच्या पिशवीच्या पिना सुटतात आणि मोठी छत्री बाहेर येते. ही पट्टी चुकून खांद्याच्या पट्ट्याखालून गेली असेल, तर छोटी छत्री वर फडफडत राहते आणि पिशवी बंदच राहते. घडी घालताना एखादी दोरी छत्रीवरून आडवी गेली, तर छत्री वेडीवाकडी उघडते. मांडीचा पट्टा अडकवायचा राहिला, तर छत्री उघडूनही माणूस तीत राहील याची शाश्वती नाही. यांपैकी एकाही चुकीला उडी कारण नाही. ती चूक उडीपूर्वीच झालेली असते आणि सोबतच्या माणसाने एक मिनिट पाहिले असते, तर दिसलीही असती.

१९९९ सालची एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अशा उड्यांना बंदी आहे. त्या वर्षी जूनमध्ये फ्रँक गँबाली हा तरुण तेथील एल कॅपिटन कड्यावरून सुखरूप उतरला. पण पकडायला आलेल्या रक्षकांपासून पळताना नदीत बुडाला. बंदीच्या निषेधार्थ आणि हा खेळ सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी २२ ऑक्टोबरला पाच जणांनी उघडपणे उड्या घ्यायचे ठरवले. त्यांतील जॅन डेव्हिस या साठ वर्षांच्या, अत्यंत अनुभवी बाई. उडीनंतर साधने जप्त होणार हे ठाऊक असल्याने त्यांनी स्वतःची सोडून उसनी साधने घेतली. नेहमी त्यांचा हात छोटी छत्री काढायला कमरेमागे जाई; उसन्या साधनात ती मांडीवरच्या खिशात होती. छत्री उघडलीच नाही. त्यांचे पती खाली चित्रीकरण करीत होते.

दोष कोणाचा? काही म्हणतात, बंदीचा. त्यात तथ्य आहे. जप्तीचे भय नसते, तर त्यांच्या पाठीवर त्यांचीच साधने असती. जो नियम माणसाला लपायला, पळायला आणि उसन्या साधनांवर विसंबायला लावतो, त्याने आपल्या परिणामांकडेही पाहिले पाहिजे. परंतु परवानगी म्हणजे सुरक्षितता नव्हे. न्यू रिव्हर गॉर्ज पुलावर ऑक्टोबरातील एका दिवशी रीतसर उड्या होतात. खाली बचावाची व्यवस्था असते. तरी २००६ साली तेथेच ब्रायन शुबर्ट यांची छत्री फार उशिरा उघडली आणि ते गेले. १९६६ साली एल कॅपिटनवरून प्रथम उडी घेणाऱ्या दोघांपैकी ते एक होते. नॉर्वेतील शेराग कड्यावरच्या १९९५ ते २००५ या अकरा वर्षांतील २०,८५० उड्यांचा अभ्यास झाला. त्यांत नऊ मृत्यू होते, म्हणजे सुमारे २,३०० उड्यांमागे एक. सगळी दक्षता घेतली तरी धोका उरतोच, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच जो धोका टाळता येतो, तो टाळण्याची जबाबदारी अधिक वाढते.

येथे कोणी म्हणेल, एवढी तपासणी केली तर साहसातली मजा ती काय उरली? मला हा युक्तिवाद पटत नाही. कड्याच्या टोकावर उभे राहण्यात साहस आहे. पट्टा न तपासण्यात कसले साहस? ते केवळ आळस किंवा अहंकार. दुसऱ्याला 'जरा माझा पट्टा बघ' असे म्हणायला जे धैर्य लागते, ते उडी मारण्याच्या धैर्याहून कमी नाही, कारण तेथे अनुभवी माणसाला आपला मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो. आणि ज्याला विचारले, त्यानेही भिडेखातर मान न डोलावता खरोखर पाहिले पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी फार थोडे जण अशा कड्यावर कधी उभे राहतील. पण सह्याद्रीत दोर लावून कडे उतरणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला आणि दोराच्या गाठीला हाच न्याय लागू आहे. तरुणांनी साहस करू नये, असे मी म्हणणार नाही. साहसाला दुसऱ्याचा डोळा लाभू द्यावा, एवढेच म्हणतो. उडी एकट्याची असली, तरी तिची तयारी एकट्याची असू नये.