काळ्याची नवरी करू नका

इथे हाउन्सलोत शब्बाथच्या जेवणानंतर एक व्युत्पत्ती हल्ली वरचेवर कानावर येते. म्हणे 'काळा इस्राएल' मधला काळा म्हणजे रंग नव्हेच. तो हिब्रू 'कला', म्हणजे नवरी, सून. बाहेरून आलेल्या सुनांची मुले ती काळा इस्राएल. ऐकायला गोड आहे. आम्हाला मात्र साफ नामंजूर.

हिब्रूत कला म्हणजे नवरी आणि सूनही, हे खरे. 'लखा दोदी'त आपण शब्बाथला नवरी म्हणूनच सामोरे जातो. पण आपला काळा संस्कृत 'काल'वरून आला आणि त्यात ळ आहे. हिब्रूत ळ नाही. नातवंडे फोनवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, तिथे ल आणि ळ एकच, म्हणून हा घोटाळा. (दहीकाल्यातला काला तर तिसराच!) आम्ही वॉर्डात जन्म काढला, दोन औषधांची नावे कानाला सारखी लागली म्हणून औषध एक होत नाही. फिनलंडच्या भाषेत कला म्हणजे मासा. मग काळा इस्राएल कोळी होते म्हणायचे? आपण तर शनिवार तेली.

आणि काळा नवरी, तर गोरा कोण? त्याला हिब्रू अर्थ कुणी शोधत नाही, कारण गोऱ्यांना त्या शब्दाची कधी लाज वाटली नाही. जोडी मराठीच आहे, आणि ती कातडी बघून नव्हे, आई कोण ते बघून लावत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेल्या, १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या इतिहासात हा भेद नोंदलेला आहे. सोयरीक नाही, एका पंगतीत जेवण नाही. ज्यांची ताटे वेगळी मांडली, त्यांच्या नातवंडांना आता सांगायचे, "अहो, तुम्हाला तर नवरी म्हणत होतो"?

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी आपल्यात आणि इतर ज्यूंत होणाऱ्या लग्नांआधी आई, आजी, त्याही मागची चौकशी लावली. आपण चिडलो, १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरले. बरोबरच केले. पण "तुझी आजी कोण?" हा प्रश्न कोकणात आपणच आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या विचारत होतो.

घरात कुणी म्हातारे माणूस अजून असेल तर विचारा, वेगळे ताट कुणाचे असायचे. लिहून ठेवा. नावे नकोत तर गाळा, ळ तेवढा गाळू नका.