मॅट वॉर्निश पांढरे पडते तेव्हा

दशलक्षण पर्वात मंदिराच्या सभामंडपात मांडण्यासाठी मुलांनी तीर्थांच्या प्रतिकृती घडवाव्यात, ही प्रथा स्तुत्य आहे. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्याची, म्हणजे इंद्रसभेची, प्रतिकृती करणाऱ्या मुलाचे महिनाभराचे श्रम मात्र अनेकदा शेवटच्या रात्री पणाला लागतात. अंगणातील एकपाषाणी मंदिर, मानस्तंभ, हत्ती, सारे मनाजोगे उतरलेले असते. रंगाची चकाकी तेवढी मारावी म्हणून मॅट वॉर्निशचा फवारा दिला जातो, आणि सकाळी काळ्या पाषाणावर पिठूळ थर दिसतो. मग कुणी ओल्या फडक्याने तो खरवडू लागते, कुणी वरून पुन्हा काळा रंग देते. या दोन्ही घाईत कोरीवकामच बुजते. वस्तुतः अशी प्रतिकृती बहुधा वाचवता येते.

मॅट वॉर्निशमध्ये सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होऊन प्रकाश विखुरतो आणि चकाकी जाते. ही पूड तळाशी बसते. बाटली न ढवळता वापरल्यास वरचे वॉर्निश चकाकते, तळचे खडूसारखे उतरते. फवाऱ्याचा डबा म्हणूनच दोन मिनिटे तरी हलवावा. तो फार दुरून मारला तर थेंब वाटेतच वाळून भुकटी बसते. २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठीक. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

भाद्रपदातील खरा शत्रू मात्र दमट हवा. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि थरात अडकून पांढरे दिसते. रात्री दमटपणा वाढतो. शिवाय दिव्याभोवती जमणारे कीटक ओल्या थराला चिकटून मरतात. जैन घरात एवढे एक कारणही रात्रीचे काम टाळण्यास पुरेसे आहे. उघडीप असलेली दुपार निवडावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाकाला मास्क लावावा.

पांढरेपणा आलाच तर बोट पाण्यात बुडवून त्या जागी टेकवावे. ओले असेतो डाग नाहीसा झाला, तर दोष केवळ वरच्या खरबरीतपणाचा आहे. ओले असतानाही तो राहिला, तर ओल किंवा जास्तीची पूड थराच्या आत आहे. दोन्ही प्रसंगी कोरड्या हवेत त्याच जातीच्या चकचकीत वॉर्निशचा पातळ थर द्यावा. बहुधा रंग पुन्हा खुलतो. तो पूर्ण वाळल्यावर मॅटचा एकच हलका हात. खोबरेल तेल चोळल्यानेही पांढरेपणा क्षणभर लपतो, परंतु त्यावर पुढे काहीच नीट धरत नाही.

थर्मोकोलच्या प्रतिकृतीवर द्रावकाचा फवारा मारूच नये, थर्मोकोल विरघळते. तेथे पाण्याचे अॅक्रिलिक वॉर्निश ब्रशने लावावे आणि खाचांत साचलेले वॉर्निश कोरड्या ब्रशने टिपून घ्यावे, नाहीतर नेमके नक्षीतच पांढरे उरते. ब्रश नायलॉनचा घ्यावा, प्राण्यांच्या केसांचा नको. लाखेचे पॉलिशही कीटकांपासून मिळते, हे घेणाऱ्याच्या ध्यानात नसते. सिलिका मात्र खनिज आहे.

सोनेरी कळस आणि आरशाचे तुकडे सर्वांत शेवटी, मॅटचा थर वाळल्यावर बसवावेत.