अर्जुन हरतो, तेही मुलांना सांगा

महाभारत मुलांना सांगायचं तर युधिष्ठिराच्या राज्याभिषेकाच्या पुढे फारसं जायचं नाही, असा आपल्याकडे अलिखित नियमच झाला आहे. दूरदर्शनवरची बी. आर. चोप्रांची मालिका (1988 ते 1990) भीष्मांच्या देहत्यागापाशी संपली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथल्या वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी सांगते. मौसलपर्वाला हात घालणार म्हटल्यावर दोघीतिघी आयांनी मला बाजूला घेतलं. "बाई, कृष्णाचा शेवट नको हो, मुलं हिरमुसतील." त्यांची माया मला कळते. पण मुलांना हिरमुसू द्यावं, असंच माझं मत आहे.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत एकट्या द्रोणपर्वाचे 173 अध्याय आहेत, मौसलाचे अवघे 9. तेवढ्यात सगळं संपतं. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी प्रभासच्या किनाऱ्यावर यादव दारू पिऊन जुन्या युद्धाची उणीदुणी काढतात, सात्यकी कृतवर्म्याचं डोकं उडवतो आणि मग ज्याच्या हाताला किनाऱ्यावरचं गवत लागेल, त्याच्या हातात त्याचं मुसळ होतं. कृष्णाला एक व्याध हरीण समजून बाण मारतो.

त्यानंतरचा प्रसंग मला सगळ्यांत जड जातो. द्वारकेतल्या बायका-मुलांना घेऊन अर्जुन निघालेला असतो. पंचनदाच्या मुलखात काठ्या घेतलेले लुटारू त्या ताफ्यावर तुटून पडतात. अर्जुन आधी हसतो. मग गांडीवाला दोरी चढवायला जातो, तर ती चढता चढत नाही. कशीबशी चढते, तेव्हा अस्त्रं आठवत नाहीत. खांडववन जाळताना मिळालेले ते कधीही न सरणारे भाते सरतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकानेच माणसं बडवू लागतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवून नेल्या जातात.

हे सांगून झाल्यावर वाचनालयात कोणी बोलेना. मग एका मुलीने विचारलं, "त्या बायकांना सोडवून कोण आणतं?" कोणीच नाही, असं मी सांगितलं. अर्जुन व्यासांकडे जाऊन हे दुःख सांगतो. अस्त्रांचं काम झालं, आता तुमचीही निघायची वेळ झाली, असं व्यास त्याला समजावतात. ती मुलगी चिडली. तिचं चिडणं मला फार मोलाचं वाटलं. आपण मोठी माणसं 'काळाचा महिमा' म्हणून लगेच पुढे सरकतो. त्या पळवलेल्या बायकांचा विचार तिने केला. राज्याभिषेकाशी पुस्तक मिटलं असतं, तर तो तिच्या मनातही आला नसता.

शेवट पटला नाही तर करायचं काय? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये दाखवलेली वाट मला मान्य आहे. मूळ कथेत महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडते. ती का पडली, असं भीम विचारतो. तिचा अर्जुनाकडे ओढा होता, एवढं सांगून युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहतो. इरावतीबाईंनी त्या क्षणी भीमाला द्रौपदीजवळ आणलं. हे आपलं कल्पित आहे, हे त्यांनी लपवलं नाही आणि व्यासांचा शेवटही पुसला नाही. वाचकाला दोन्ही मिळालं. शेवट गुपचूप गाळणाऱ्याने मात्र मुलांच्या हातून भांडायचा हक्कच काढून घेतलेला असतो.

आणि असं भांडणं महाभारतात परकं नाही. स्वर्गात पोचलेल्या युधिष्ठिराला पहिल्यांदा दिसतो तो सिंहासनावर बसलेला दुर्योधन. भाऊ आणि द्रौपदी सापडतात नरकात. तो संतापतो, देवांना दोष देतो आणि सोबत आलेल्या देवदूताला सांगतो की तू जा, मी इथेच राहणार. पुढे इंद्र येऊन ती सगळी माया होती असं म्हणतो. मला तो खुलासा कधीच पुरेसा वाटलेला नाही.

येत्या शनिवारी तेच पर्व आहे. इंद्राचं म्हणणं युधिष्ठिराने मानायला हवं होतं का, यावर मी मुलांना मनसोक्त भांडू देणार आहे. त्या दिवशी आयांनीही थांबावं, असा निरोप मी धाडला आहे.